रफूचा धागा त्याच लुगड्याचा

पराते बाई आमची बिल्डिंग सोडून गेल्या, त्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींनी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर निरोपाचे चार शब्द लिहिले. ‘स्वभावाने तापट, पण मनाने प्रेमळ.’ त्याखाली ओळीने जोडलेले हात आणि गुलाबाची फुलं येत राहिली. मी काही लिहिलं नाही. जे लिहावंसं वाटत होतं ते ग्रुपवर शोभणारं नव्हतं. बाई प्रेमळ असतील नसतील, पण तसं दिसावं म्हणून त्यांनी आयुष्यात कधी काडीही हलवली नाही. त्या रागीट होत्या. त्यांचा राग ही त्यांच्याजवळची सगळ्यात अस्सल वस्तू होती, आणि लोकांनी तिच्यावर पिठीसाखर भुरभुरून तिला निरोप दिला. मला त्याचा इतका संताप आला की मी तो ग्रुपच सोडला.

आम्ही दोघी एकाच शाळेत होतो. त्या भौतिकशास्त्र शिकवायच्या आणि मी मराठी. रिटायर झाल्यावर रामदासपेठेत एकाच बिल्डिंगमध्ये राहायला आलो, त्या वर आणि मी बरोबर त्यांच्या खाली. फोनवर बोलणं त्यांना पसंत नव्हतं. माझ्याशी काम असलं की त्या लाटण्यानं फरशी ठोकत. एकदा ठोकलं तर सवडीनं या, ठोकतच राहिल्या तर हातातलं टाकून या. एकदा माझ्याकडे पाहुणे जेवत असताना वरून धडाधड सुरू झालं. पाहुण्यांनी विचारलं, वर काही तोडफोड चालली आहे का? मी म्हटलं, नाही, मला बोलावणं आलंय.

त्या ठेंगण्या, काटक. डावी पापणी जन्मापासून किंचित खाली उतरलेली, त्यामुळे त्या आपल्यावर नेम धरून पाहताहेत असं नवख्या माणसाला वाटायचं. बहुतेक वेळा ते खरंही असायचं. मूळच्या उमरेडच्या, विणकरांच्या घरातल्या. तुम्ही नवी साडी नेसून गेलात तर ‘छान दिसते’ वगैरे त्यांच्या तोंडून यायचं नाही. आधी तुमचा पदर दोन बोटांत धरून चोळणार, उजेडात धरणार, उलटा करून पाहणार. मग निकाल. एकदा माझ्या पैठणीच्या काठाकडे पाहून म्हणाल्या, “मोर नाही, भाजलेलं पापलेट होय हे.” मी ती पैठणी नंतर कधी नेसले नाही.

शाळेच्या एका समारंभात पाहुण्यांना द्यायला ‘खास विदर्भातल्या हातमागावर विणलेली शाल’ आणली होती. निवेदन करणाऱ्यानं ते दोनदा सांगितलं. ताट धरायला स्टेजवर पराते बाई होत्या. त्यांची दोन बोटं शालीला लागली आणि माइकपासून हातभर अंतरावर त्या म्हणाल्या, “हे हातमागाचं नाही. फसवलं तुम्हाले.” पाहुणे हसत राहिले, कारण दुसरं काय करणार. मुख्याध्यापिका महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत आणि स्टेजवर पुन्हा कधी त्यांना बोलावलं नाही. ज्यानं ती शाल हातमागाची म्हणून विकली त्याला मात्र कोणी एका शब्दानं विचारलं नाही. हे आमच्याकडे असंच असतं. खोटं बोलणारा निवांत, आणि खोटं आहे म्हणणारा तापट.

रागावल्या की त्यांची शाळेतली मराठी गळून पडायची आणि उमरेड बाहेर यायचं. ‘चालते’ हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. प्लंबर म्हणाला, थोडं गळेल पण चालते. बाई म्हणाल्या, “तुले चालते. मले काहून चालन?” आणि त्याला नळ पुन्हा उघडायला लावला.

आता त्या फोटोचं सांगते. त्यांच्या घरात त्यांच्या आईचा एकच फोटो होता. बाई रांगत होत्या तेव्हा आई गेली, म्हणजे त्यांना तिचा चेहरा आठवण्याचा प्रश्नच नव्हता. मोठी बहीण गंगूताई तेव्हा जाणती होती. तिनंच पुढं शकूला, म्हणजे बाईंना, वाढवलं, विणकरांसाठी सुताच्या कांड्या भरून शिकवलं. फोटो उमरेडचाच. नवा माग आला म्हणून कोणी साहेब पाहायला आले होते, त्यांच्यासोबत सगळं घर उभं करून काढलेला. मधे साहेब, मागावर काका, आणि अगदी कडेला हातात टोपली घेऊन उभी असलेली आई. तिला बिलगून छोटी गंगू. ट्रंकेत ओल लागून फोटोवर बुरशी चढली होती. आईच्या उजव्या डोळ्यावरून घडी गेलेली, आणि ओठांवर बरोबर एक पांढरा डाग. बाकी चेहरा धुक्यात असावा तसा. डाव्या डोळ्याची उतरलेली पापणी तेवढी ओळखू यायची.

गंगूताईंच्या डोळ्यांचे पडदे खराब होत चालले होते. धंतोलीतल्या दवाखान्यात इंजेक्शनं चालू होती, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की मधली नजर गेलेली परत येत नाही, आणि उरलेलीही हळूहळू जाणार. ते ऐकून आल्यावर बाईंच्या घरी चहा पिताना गंगूताईंनी एकच मागणं मागितलं. मी तिथंच होते.

“शकू, मले मायचं तोंड पाह्यचं आहे वं. चांगलं, साफ. नजर आहे तवर.”

मग त्यांनी कारण सांगितलं. त्या दिवशी सकाळी त्या मागाखाली शिरून खेळल्या होत्या आणि त्यांच्या हातून धागे तुटले होते. नंतर फोटोला उभं केलं, तेव्हा मायचा हात त्यांच्या खांद्यावर होता, आणि तिनं खांदा इतका आवळला की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दिवसभर माय कोणाशी बोलली नाही. पुढं शकू झाली, माय आजारी पडली आणि गेली. विचारायचं राहूनच गेलं. “माह्यावरच रागावली असन थे,” गंगूताई म्हणाल्या. पिकल्या केसांची बाई, आणि सांगताना खांद्यावर हात ठेवून बसली होती.

बाई कपबशा उचलून आत गेल्या आणि आतून भांडी आदळल्याचा आवाज आला.

गंगूताईंचा मुलगा भूषण प्लॉट विकण्याच्या धंद्यात आहे. वाईट मुलगा नाही. आईला दर वेळी तोच उमरेडहून गाडीत घालून धंतोलीला आणतो. पण त्याला प्रत्येक गोष्ट झटपट हवी असते. त्यानं मोबाइलमधून फोटोचा फोटो काढला, एका एआयच्या अ‍ॅपमध्ये टाकला, आणि चहा गार व्हायच्या आत आजी तयार झाली. मोठी प्रिंट काढून, सोनेरी फ्रेम करून, वरती बारीक दिवे लावून त्यानं ती आपल्या नव्या घराच्या वास्तूला भिंतीवर चढवली. मीही गेले होते. फ्रेममध्ये एक गोरीगोमटी बाई होती. दोन्ही डोळे सारखे, टपोरे, आपल्याकडेच पाहणारे. ओठांवर हसू आणि हसण्यात पांढरेशुभ्र दात. नातेवाईक डोळे पुसत होते. किती गोड दिसायची म्हणत होते. तिला पाहिलेलं त्यांच्यात एकही माणूस नव्हतं.

भूषणनं आईला धरून फ्रेमसमोर आणलं. गंगूताईंनी मान वाकडी करून बराच वेळ पाहिलं आणि हळूच विचारलं, “हे कोन होय?”

लोक हसले. डोळ्यांचं काम आहे, म्हणाले. पराते बाई पंगतीतून उठल्या, हात न धुता डाव्या हातानं फ्रेम उतरवली आणि तोंड भिंतीकडे करून खाली ठेवली. म्हणाल्या, ज्या बाईला तुम्ही हार घातला तिला मी ओळखत नाही. मग भूषणला म्हणाल्या, “तुह्या मायनं तिचं तोंड मागतलं होतं. तू भलतीच बाई आणून उभी केली.” भूषणचा चेहरा पडला. सगळे बाईंवर चिडले. शुभकार्यात असं कोणी करतं का? मीही तेव्हा त्यांना हाताला धरून बाहेर नेलं. पण खरं सांगू? जेवणात मला चव राहिली नव्हती. एका बाईच्या चेहऱ्यावर तिला न विचारता हसू चिकटवायचं आणि वर तिलाच हार घालायचा. हा काय प्रकार झाला?

दुसऱ्याच दिवशी बाईंनी स्कॅनर आणला. फोटो मी घरी, माझ्या हातानं साफ करणार, म्हणाल्या. रिटायर झाल्यावर आम्ही दोघींनी एकाच दुकानातून एकसारखे कॉम्प्युटर घेतले होते. त्यावर त्यांनी फोटो उघडला आणि कॉम्प्युटर बसला. म्हणजे अक्षरशः बसला. पडदा पांढरा, बाण फिरतोय, पुढं काही नाही. बंद करून पुन्हा चालू केला, पुन्हा तेच. वरून लाटणं सुरू झालं.

मी गेले तर त्या पडद्यावरच्या एका आलेखाकडे बोट दाखवत होत्या. मेमरीची रेघ छताला जाऊन टेकली होती. मला त्यांनी शाळेतल्या पोरीसारखं समजावलं. हार्ड डिस्क म्हणजे कपाट, मेमरी म्हणजे ओटा. कपाट कितीही मोठं असलं तरी पोळ्या ओट्यावरच लाटाव्या लागतात. फोटो उघडला की तो ओट्यावर येतो. त्यावर डाग काढायचा एक थर, उजेड सुधारायचा दुसरा थर, आणि चुकलं तर मागं जाता यावं म्हणून प्रत्येक पायरीची आठवण, हे सगळं ओट्यावरच मावलं पाहिजे. त्यांच्या मशीनची मेमरी आठ जीबीची होती. म्हणाल्या, आठात नाही भागत, बत्तीस पाहिजे.

मग सीताबर्डीतल्या दुकानांची वारी सुरू झाली आणि मला सोबत धरलं. पहिल्या दुकानदारानं त्यांचं पुरतं ऐकूनच घेतलं नाही. मोठी हार्ड डिस्क टाकून देतो, म्हणाला, फोटो लाख मावतील. बाई म्हणाल्या, मी ओटा मागून राहिली आणि तू कपाट दाखवून राहिला. त्याला काही कळलं नाही. दुसऱ्यानं लाल-हिरवे दिवे लागणाऱ्या मेमरीच्या पट्ट्या काढल्या, पोरं गेम खेळायला घेतात त्या. दिव्यानं काय होते, बाईंनी विचारलं. छान दिसते, तो म्हणाला. बाईंनी ती पट्टी उलटसुलट करून पाहिली, साडीचा पोत पाहावा तशी, आणि परत दिली. तिसरा सज्जन होता. त्यानं विचारलं, मॅडम, स्कॅन किती रिझोल्यूशनवर करता? बाईंनी आकडा सांगितला. तो दचकला. एवढा कशाला, म्हणाला, कमी करा ना, आहे त्यात काम होईल.

इथं बाईंमधली विणकराची लेक उठून उभी राहिली. त्यांच्या घरात लहानपणापासून एकच कानावर पडलेलं, सुताचा नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक आणि कापड उंची. मोठ्या नंबरचं सूत सोडून लहान नंबर घ्यायचा म्हणजे मलमल सोडून गोणपाट घ्यायचं. भौतिकशास्त्राच्या बाई, मुलांना भिंगं शिकवलेल्या, पण स्कॅनरच्या खिडकीत नंबर निवडायची वेळ आली तेव्हा त्यांचं बोट आपोआप सगळ्यात मोठ्या आकड्यावर गेलं. “मायचं तोंड होय थे,” त्या दुकानदाराला म्हणाल्या. “त्याले लहान नंबर लावू का मी?” बत्तीसच हवे असतील तर, तो म्हणाला, सध्या माल नाही. भाव रोज चढताहेत, आज सांगितला तो उद्या राहत नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, सगळी मेमरी एआयवाल्या कंपन्या उचलून राहिल्या, मोठमोठे हॉल भरून मशिनी लावून राहिल्या, आपल्यासारख्यांसाठी काही उरत नाही.

बाई दुकानातून उतरल्या. उन्हाचा नुसता भडका होता. रस्त्याच्या मधोमध थांबून, ऑटोवाल्यांचे हॉर्न वाजत असताना त्या मला म्हणाल्या, “समजलं काय देशकर बाई? ज्या मशिनीनं माह्या मायच्या तोंडावर खोटं हसू चिकटवलं, तिनंच माह्या वाटची मेमरी खाल्ली.”

मला हसावं की रडावं कळेना. त्या जे म्हणाल्या त्यात चूक काही नव्हतं. जगात कुठं कुठं ते हॉल असतील, त्यांत रात्रंदिवस हसऱ्या आज्या तयार होत असतील, आणि इथं एका म्हाताऱ्या बाईला आपल्या आईचा खरा चेहरा साफ करायला वीतभर पट्टी मिळत नाही. कोणाला जाऊन सांगायचं हे? कोणत्या दारावर लाटणं ठोकायचं?

भाव उतरेपर्यंत थांबू, बाई म्हणाल्या. मी थांबा म्हणाले नाही आणि थांबू नका असंही म्हणाले नाही. दिवस जात राहिले. गंगूताई पुढच्या इंजेक्शनला आल्या तेव्हा जिन्याची पायरी चाचपत चढल्या. मधली नजर जवळजवळ संपली होती, डोळ्याच्या कडेनं तेवढं दिसायचं. सोफ्यावर बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, झालं का वं? बाई म्हणाल्या, होऊन राहिलं. गंगूताई खाली गाडीत बसल्यावर मी बाईंवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदाच. म्हटलं, तुम्हाला उंची कापड विणायचंय की बहिणीला आई दाखवायचीय ते एकदा ठरवा. भाव थांबतील, तिचे डोळे थांबणार नाहीत. त्या माझ्याकडे त्या उतरलेल्या पापणीखालून पाहत राहिल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. नंतर कितीतरी दिवस छतातून आवाज आला नाही. मी स्वयंपाक करता करता वर पाहायची.

मग एका दुपारी लाटणं सुरू झालं आणि थांबेच ना.

बाईंनी त्या मोठ्या नंबरवर सबंध फोटोऐवजी फक्त आईचा डावा डोळा स्कॅन केला होता. तेवढा तुकडा आठ जीबीत कसाबसा मावला. पडदाभर काहीतरी करड्या रंगाचं पसरलं होतं, तंतू तंतू, मधे ठिपके.

“काय दिसते?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, कापूस पिंजल्यासारखं.

“कागद होय थो. कागदाचे रेशे. आन् बुरशीची मुळं.” त्यांचा आवाज चढत गेला. “इतके दिवस मी मायचं तोंड नाही, कागद मोठा करून राहिली होती. गावच्या फोटोग्राफरचा साधा कॅमेरा, जाड कागद. जाडंभरडं सूत होतं थे मुळातच. भिंगाखाली धरलं म्हणून मलमल होते का? पोरींना वर्षानुवर्षं शिकवलं मी हे. वर्षानुवर्षं.”

त्या दिवशी त्यांना स्वतःचा जेवढा राग आला तेवढा मी त्यांना कोणाचाच आलेला पाहिला नाही. स्कॅनरची वायर ओढून काढली, पुन्हा लावली. मग कागद घेऊन हिशेब मांडला. नंबर मुकाट उतरवला तर फोटो ओट्याच्या एका कोपऱ्यात मावतो. थर चढवले, मागच्या पायऱ्या धरल्या, तर आठ थोडी कमी पडते आणि सोळात आरामात होतं. बत्तीसचा सगळा हट्ट त्या मोठ्या आकड्यापायी होता. म्हणजे आठची आणखी एक पट्टी, आहे तिच्याच जातीची, म्हणजे दोघी एकमेकींशी जुळवून घेतील. मग त्या माझ्याकडे वळल्या. माझ्या मुलानं माझ्या मशीनमध्ये दुसरी पट्टी टाकून दिली होती हे त्यांना पक्कं माहीत होतं.

पेचकस घेऊन त्या माझ्या घरी उतरल्या. तुम्ही यावर काय करता, त्यांनी कॉम्प्युटरचा डबा उघडता उघडता विचारलं. मी म्हटलं, पत्ते खेळते, नातीशी बोलते. त्यांनी पट्टी काढून पदरात गुंडाळली. विचारलं वगैरे काही नाही.

पुढचे दिवस मी दुपारी वर जाऊन बसायची. भर मे महिना, आणि बाईंनी कूलर बंद ठेवलेला. कूलरच्या ओलसर हवेनं मूळ फोटो आणखी बिघडेल म्हणून. आम्ही दोघी घामानं निथळत असायचो आणि त्या पुटपुटत डाग काढायच्या. त्यांचा एक नियम होता. रफू करणारा धागा बाहेरून आणत नाही, त्याच लुगड्याच्या काठाआडून काढतो, नाहीतर रफू लांबून दिसते. तसं डाग काढायचा तर त्याच्या अगदी शेजारचा भाग उचलून तिथं टेकवायचा. गालाचं गालाला, कपाळाचं कपाळाला. भूषण एकदा आला आणि म्हणाला, मावशी, उजवा डोळा घडीत गेला ना, मग डावा उलटा करून तिकडं लावून दे. बाई म्हणाल्या, तुझ्या आजीला एक पापणी उतरलेली होती, मी तिला दोन देऊ? जिथं शेजारचं काही उरलंच नव्हतं तिथं त्यांनी काही भरलं नाही. कानाजवळचा तुकडा करडाच राहिला. उजव्या डोळ्याची घडी पुसट केली, पण ती आहे हे कळत होतं.

मी मधेमधे विचारायची, ओठ कधी? ओठ शेवटी, त्या म्हणायच्या. त्या पांढऱ्या डागाखाली हसू असेल असं मलाही वाटत होतं, आणि मला ते हवंही होतं. गंगूताईंसाठी. ओठांचं काम त्यांनी मला बोलावल्याशिवाय एकटीनं केलं.

गंगूताई धंतोलीहून आल्या त्या दिवशी भूषण आणि मी दोघंही होतो. बाईंनी खिडकीचा पडदा ओढला, बहिणीला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि फोटो पडदाभर मोठा केला. गंगूताईंनी समोर पाहिलं नाही. समोरचं त्यांना दिसतच नव्हतं. त्यांनी मान पार खिडकीकडे वळवली आणि डोळ्याच्या कडेनं आईला पाहायला लागल्या. आम्हाला वाटावं त्या दुसरीकडेच पाहताहेत.

फोटोतली बाई हसत नव्हती. ओठ घट्ट मिटलेले, जबडा आवळलेला. आणि त्या उतरलेल्या पापणीखालचं बुबुळ साफ एका बाजूला गेलेलं. कॅमेऱ्याकडे नाही, साहेबाकडे नाही, खांद्याजवळच्या पोरीकडे तर नाहीच.

“रागात आहे,” गंगूताई म्हणाल्या.

“हो,” बाई म्हणाल्या.

“कोठी पाहून राहिली थे?”

“तूच पाहून सांग, ताई.”

बाईंनी त्यांचं बोट धरून पडद्यावर आईच्या डोळ्यावर ठेवलं. बोट सरळ रेघेत सरकत गेलं, साहेबाच्या टोपीवरून, मागाच्या लाकडावरून, आणि मागावर ताठ बसलेल्या काकांवर थांबलं. गंगूताई मान वाकडी ठेवूनच बसल्या होत्या. मग हळूहळू बोलायला लागल्या. बाबा दम्यानं पडून होते. माग मायच चालवायची, दार लावून, कारण त्यांच्या घरात बायकांनी मागावर बसायचं नाही असं होतं. त्या मागावरचं लुगडं तिनं विणलेलं होतं. साहेब आले तेव्हा काकांना तिच्या जागी बसवलं आणि तिच्या हातात कांड्यांची टोपली देऊन कडेला उभं केलं. साहेबानं काकांची पाठ थोपटली. हे सगळं त्यांनी पाहिलं होतं, लक्षातही होतं, पण खांद्यावरच्या त्या हाताशी त्याचा संबंध आयुष्यभर लागला नव्हता.

“माह्यावर नव्हती वं रागावली,” त्या म्हणाल्या. “माह्यावर नव्हती.” आणि खांद्यावरचा हात त्यांनी काढून मांडीवर ठेवला.

बाई त्यांच्या मागं उभ्या होत्या, दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर. थोड्या वेळानं गंगूताई मान न वळवताच म्हणाल्या, तेव्हा तू पोटात होती, म्हणून अशी भांडखोर निघाली. भूषण हसला आणि मग रडला. त्याच्या घरी आता सोनेरी फ्रेममध्ये हा फोटो आहे. बारीक दिवे मावशीनं काढायला लावले. काही नातेवाईक अजून म्हणतात की आधीचा बरा होता, त्यात कशी प्रसन्न वाटायची. अशा लोकांशी मी बोलत नाही.

पावसाळा संपता संपता गंगूताईंची कडेची नजरही गेली. बाईंनी घर भाड्यानं दिलं आणि उमरेडला बहिणीजवळ राहायला निघाल्या. मी बसस्टँडवर पोचवायला गेले. एसटीत बसायच्या आधी त्यांनी पिशवीतून मऊ कापडात गुंडाळलेली माझी पट्टी काढून दिली. तुमच्या मशीनमध्ये बसवून घ्या, पत्ते भरभर पडतील, म्हणाल्या. ते कापड मी दोन बोटांत धरून चोळलं. हातमागाचं होतं.

कॉम्प्युटरचा खोका मांडीवर घेऊन त्या खिडकीशी बसल्या. कंडक्टर तरुण होता, त्यानं खोका वर टपावर टाकायला सांगितलं. बाई म्हणाल्या, यात माझी माय आहे, टपावर जाणार नाही. वाद वाढला. मागची माणसं कुरकुरायला लागली, कोणी तरी म्हणालं, द्या ना बाई, चालते. बस सुरू झाली तरी ते मिटलं नव्हतं. कंडक्टर तिकिटाचं मशीन काखेत धरून, समजुतीनं, लहान मुलाला सांगावं तसा म्हणाला, “मावशी, काहून एवढ्या तापता? जरा हासून बोला ना.”

बाईंनी त्याच्याकडे मान वळवली. खिडकीच्या चौकटीत मला त्यांचा चेहरा एका बाजूनं दिसला, मिटलेले ओठ, आवळलेला जबडा, उतरलेल्या पापणीखालून कडेला गेलेलं बुबुळ. बस फाटकातून वळेपर्यंत मी पाहत राहिले. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.